अकरावं पान

१

एका पत्राला मी तीन महिने उत्तर दिलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णवची दिवाळी होऊन आठवडा झाला होता. दाराच्या फटीतून निळं आंतरदेशीय आत सरकलं. पाठवणारी दीपा. कॉलेजच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो तेव्हा ती रोज दुपारी येऊन खिडकीशी बसायची, आणि मी तिला नियमाबाहेर एक जादा पुस्तक द्यायचो. ती पुढं संगमनेरातच एका दूध संघात कारकून झाली एवढं मला ठाऊक होतं.

तिनं लिहिलं होतं, "साळवे सर, मी एक चित्रकथा काढते आहे. छापणार नाही, इंटरनेटवर ठेवणार आहे. महिन्याला एक भाग, बारा पानं, कुणीही फुकट वाचावीत. तुम्हाला एकच विचारायचं आहे. अशा चित्रकथेला पुढं काही आहे का? तिच्यावर माणसाचं पोट भरेल का? तुम्ही सांगाल ते मी ऐकेन."

या शेवटच्या वाक्यानं मी घाबरलो. चौतीस वर्षं मी लोकांच्या हातात दुसऱ्यांची पुस्तकं दिली. स्वतःचं मत कुणाच्या हातात दिल्याचं आठवत नाही. इंटरनेट मी फक्त वर्तमानपत्रात पाहिलं होतं. तीन उत्तरं लिहायला घेतली. एकात होय होतं, एकात नाही, आणि तिसऱ्यात नुसतं हवापाणी. तिन्ही फाडली. पत्र मी शब्दकोशात ठेवून दिलं आणि शब्दकोश वापरायचाच सोडून दिला.

माझ्या उत्तराशिवाय तिनं नोकरी सोडल्याचं नंतर कानावर आलं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी प्रवरेवरून धुकं गल्लीत शिरलं होतं. साखर कारखान्याकडून शिजत्या रसाचा वास येत होता. गाळपाच्या दिवसांत हा वास इतका दाट असतो, की आपण जागे आहोत की गोड झोपेत, ते नीटसं कळत नाही. अशा धुक्यातून दीपा आली आणि दारात उभी राहिली. वाळली होती. बोटांना शाई होती.

पत्राचा विषय ती काढेल म्हणून मी आधीच मान खाली घातली. पण ती म्हणाली, "सर, माझ्या गोष्टीचे शेवट कुणीतरी चोरतंय."

२

गहिनीनाथचं दुकान बाजारपेठेच्या तोंडाशी होतं. आधी नुसता एसटीडी बूथ, आता मागं पडदा लावून दोन कॉम्प्युटर. तो पंचविशीचा, बोलघेवडा. टेलिफोनच्या वायरी गळ्यात घालूनच जन्माला आल्यासारखा वाटायचा.

"या सर, बसा. लाइन लागायला वेळ लागंल. आज तिचा मूड न्हाई."

यंत्रातून कुरकुर, शिट्टी, मग लांब कुठंतरी वाळू ओतल्यासारखा आवाज आला. दीपानं माझ्यासाठी खुर्ची पुढं ओढली. पडद्यावर चित्र वरून खाली, रेघ रेघ उतरू लागलं. आधी आभाळ, मग उसाची पाती, मग एका पोरीचे केस, कपाळ, डोळे. मला आपण विहिरीत वाकून पाहतोय आणि कुणीतरी खालून वर येतंय असं वाटलं.

गोष्टीचं नाव 'उसातलं गाव'. ऊसतोडीच्या टोळीतली सोनकी नावाची पोर हरवलेल्या शेळीच्या मागं फडात शिरते. ऊस संपतच नाही. आत आत एक गाव लागतं, आणि त्या गावात टोळीतल्या बायकांनी वाटेत कुठं कुठं टाकून दिलेलं, हरवलेलं सगळं नीट मांडून ठेवलेलं असतं. पहिल्या भागाच्या अकराव्या पानावर सोनकीचा हात एका दारावर आहे. मी बारावं पान मागितलं.

पांढरी रिकामी चौकट आली. कोपऱ्यात बारीक लाल फुली.

"हे असं," दीपा म्हणाली. "जानेवारीत या भागाचं गेलं. मला वाटलं माझीच चूक. मग दुसऱ्या भागाचं. तिसरा भाग चढवताना सगळं परत नीट लावलं, पासवर्डही बदलला. परवा शनिवारी सकाळी शाळेत चित्रकला शिकवायला जाण्याआधी पाहिलं, सगळं जागेवर होतं. दुपारी आले तर तिन्ही भागांतलं एकेक पान गायब. चित्रं माझ्याकडं आहेत, मी पुन्हा टाकीन. पण सर, हे माझ्या जवळचंच कुणीतरी आहे. पासवर्डाशिवाय कुणाला हात लावता येत नाही."

"नवा पासवर्ड कुणाला सांगितलास?"

"कुणालाच नाही."

"दर वेळी शनिवारच?"

"हो."

मी वहीत 'शनिवार' लिहिलं. आयुष्यभर रहस्यकथा वाचल्या आहेत. चार लिहिल्याही, चारही साभार परत आल्या. शनिवार लिहिल्यावर पुढं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

"दूध संघाचे मॅनेजर म्हणालेत, सत्तावीस तारखेपर्यंत तुझी जागा धरून ठेवतो," दीपा हळूच म्हणाली. "मी वर्षभर चित्रं काढायचं ठरवलं होतं. पण ज्यांच्यावर भरवसा ठेवला त्यांच्यातलाच कुणीतरी हे करत असेल, तर मी सगळं काढून टाकते आणि जाते परत."

बारा दिवस उरले होते.

गहिनीनाथ चहा घेऊन आला. पडद्याकडं न पाहताच म्हणाला, "सर, एक सांगू? लोक मात्र वाढलेत. खाली मोजणीचा आकडा बघा. महिन्यात दुपटीच्या वर गेलाय."

मी आकडा पाहिला. मग तिसरा भाग उघडून शेवटाकडं गेलो. रिकामी चौकट आली, लाल फुलीही आली. पण पानाचा आकडा बारा नव्हता, अकरा होता. आणि बारावं पान? ते शाबूत होतं. त्यावर एकही चित्र नव्हतं. दीपाच्या अक्षरात वाचकांना चार ओळी, आणि खाली गावातल्या आदिनाथच्या छापखान्याचा पत्ता.

"इथं चोर चुकला," दीपा म्हणाली.

चुकला का? मला का कोण जाणे, तसं वाटेना.

३

पंकजा कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. दीपाची कॉलेजपासूनची मैत्रीण. चित्रं कॉम्प्युटरवर घ्यायची आणि पानं जोडायची युक्ती तिचीच. दोघी महिनाभर बोलत नव्हत्या.

मी तिच्यासमोर बसलो आणि पहिली पाच मिनिटं पंख्याकडं पाहिलं. शेवटी तिलाच दया आली.

"सर, विचारा ना. पानं शनिवारी जातात, गहिनीनाथ सांगत होता. शनिवारी माझा क्लास बंद असतो. म्हणून माझ्यावर संशय, हो ना?"

"संशय असा नाही..."

"असू दे हो. पुण्याच्या एका कंपनीला मी ही गोष्ट दाखवली होती. ते एकरकमी पैसे द्यायला तयार होते. गोष्ट त्यांची, सोनकी त्यांची, पुढं काय करायचं ते तेच ठरवणार. ही बाई म्हणते, सोनकी विकाऊ नाही. मी म्हटलं, नेटवर फुकट ठेवणं म्हणजे विहीर खणून रस्त्यावर सोडल्यासारखं आहे. येणारे-जाणारे पाणी पितात, खणणारीला कोण विचारतं? जेवलीस का म्हणून कुणी विचारलं का आजवर?"

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, तहान लागलेल्याकडून पैसे घ्यायचे नसतात. आता यावर काय बोलणार? टाळकं सटकलं माझं."

"पानं तू काढलीस का?" मी इतक्या हळू विचारलं, की तिला पुन्हा विचारावं लागलं.

ती हसली. "काढायचीच असती तर सबंध गाव काढलं असतं. एकेक पान कशाला कुरतडू, उंदरासारखं? पासवर्ड मला माहीत आहे, खोटं कशाला सांगू? तिच्या आजीचं नाव, लंकाबाई. जा, सांगा तिला."

बाहेर आलो तेव्हा धुकं वितळून गेलं होतं. उसाचं पाचट जळून उडालेली राखेची काळी पिसं गल्लीभर हळूहळू खाली येत होती. एक पीस माझ्या वहीवर बसलं. पंकजानं सांगितलेला पासवर्ड जुना होता, दीपानं तो बदलल्याचं तिच्या गावीही नव्हतं. म्हणजे ती निर्दोष. किंवा ती माझ्यापेक्षा पुष्कळ हुशार. दुसरं तर खरंच होतं, म्हणून पहिल्यावर विश्वास ठेवायला मी दोन दिवस घेतले.

तोवर बुधवार उलटला होता.

४

आदिनाथचा छापखाना लग्नपत्रिकांच्या ढिगाऱ्यात बुडाला होता. हळदीच्या रंगाचे कागद दोऱ्यांवर वाळत होते. आदिनाथ पन्नाशीचा, जाड चष्म्याचा. माझ्या वाचनालयाच्या पावत्या तोच छापायचा.

"साळवे सर, कधीचं म्हणतोय मी त्या पोरीला, याचं पुस्तक करू. पुस्तक हातात धरता येतं, पिशवीत टाकता येतं. त्या डबड्यातली गोष्ट लाईट गेली की गेली. फुकट वाचल्यावर पुस्तक कोण घेणार, हे म्हणाल तर तेही खरंय."

"म्हणजे शेवट सापडला नाही तर पुस्तक खपेल."

मी हे सहज बोललो. खरंच सहज. पण आदिनाथचा चेहरा कागदासारखा झाला. त्यानं यंत्र थांबवलं. एकदम इतकी शांतता झाली, की दोऱ्यावरचे कागद हललेले ऐकू आले.

"तुमाला कळलं तर," तो म्हणाला.

मला काहीच कळलं नव्हतं. मी नुसती मान हलवली.

त्यानं टेबलाचा खण ओढला. खणात पत्रं होती. पाकिटं, पोस्टकार्डं, मनीऑर्डरचे कागद. काही तिकिटं परदेशी. "पत्ता पहिल्यापासनं माझा दिलाय तिनं, म्हणून माझ्याकडं येत्यात. त्रेचाळीस झाली महिन्यात. त्याआधी सगळी मिळून दोन आली होती."

मी एक उचललं. मस्कतहून. "आमच्या धाकटीला झोप येत नाही. सोनकीनं दार उघडलं का? शेवटचं पान टपालानं पाठवा, सोबत खर्चाचे पैसे ठेवले आहेत." नोट काळ्या कार्बन पेपरात गुंडाळलेली होती, बाहेरून दिसू नये म्हणून. दुसरं डोंबिवलीच्या एका निवृत्त परिचारिकेचं. "मी पुतण्याच्या ऑफिसात जाऊन वाचते. शेवट का दिसत नाही? मी आजारी असते, लवकर कळवा." तिसऱ्यात नुसतं एवढंच, "सोनकी परत आली ना?"

मी उभ्यानं सगळी वाचली. पाय दुखल्याचं नंतर कळलं. हे सारे लोक एका बंद दारापुढं रांगेत उभे होते, आणि रांग आदिनाथच्या खणात शिरली होती.

"दीपाला का दिली नाहीत?"

"कशी देऊ? तिला वाटंल, ह्यानंच पान चोरलं आणि ह्यानंच गिऱ्हाईक गोळा केलं. रोज म्हणतो, आज देऊ. रोज भीती वाटते. भित्रेपणा आहे सर, दुसरं काही नाही. तुमाला न्हाई कळायचं."

मला फार चांगलं कळलं. माझ्या घरी शब्दकोशात एक पत्र होतं.

पण वाटेत एक विचार आला आणि मी नगरपालिकेच्या भिंतीला टेकून थांबलो. पत्ता असलेलं पान चोरानं शाबूत ठेवलं होतं. शेवट नसल्याचा फायदा एकाच माणसाला व्हायचा होता. पत्रं तिच्या नावानं होती. पासवर्ड तिनं कुणाला सांगितला नव्हता.

दीपानं स्वतःच तर हे केलं नसेल?

५

शुक्रवारी दिवस कलता दीपा मला तिच्या आईकडं घेऊन गेली. मीच म्हणालो होतो. खरं तर मला दीपाचा चेहरा पाहायचा होता, आई हे निमित्त.

कारखान्याच्या मागच्या माळावर टोळ्यांच्या कोप्या पडल्या होत्या. पाचटाच्या गोल झोपड्या, एकीला एक लागून. मावळतीला त्या सोनेरी दिसतात, आणि बैलांच्या घंटा आणि धूर मिळून असं काही होतं, की हा माळ दिवसा इथं नसतोच, संध्याकाळपुरता कुठून तरी येतो, असं वाटावं. दीपाची आई भागिरथीबाई पाथर्डीकडून दर हंगामाला येते. दीपा लहानपणी इथंच वाढली, पुढं वसतिगृहात राहून शिकली.

भागिरथीबाई फडातून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी मला पोत्यावर बसवलं.

"गुर्जी, तुमीच का ते पुस्तकवाले? पोरगी लई नाव घेती तुमचं."

एवढ्यात शेजारच्या कोप्यांतून बायका येऊ लागल्या. प्रत्येकीच्या हातात एक लाकूड. कुणाच्या बाभळीचं ढलपं, कुणाच्या नुसती काटकी. येऊन ते भागिरथीबाईंच्या चुलीशी टाकायचं आणि बसायचं. चूल मोठी झाली. भागिरथीबाई भाकरी थापता थापता एका राक्षसाची गोष्ट सांगू लागल्या. राक्षसाचा जीव कशात आहे ते राजाच्या लेकीला कळलं. ती मडक्यात हात घालते आणि...

"सरलं आजचं," भागिरथीबाई म्हणाल्या.

"आगं भागिरथे, मडक्यात काय हुतं?" एक म्हातारी ओरडली.

"त्ये उंद्या. तुझं लाकूड लई बारीक हुतं, कडूबाई. मडकं उघडत न्हाई तेवढ्यानं."

सगळ्या हसल्या, शिव्या दिल्या आणि उठून गेल्या. मी विचारलं, "रोज असंच?"

चहाची पितळी माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "मंग? दिसभर फडात मरायचं, जळण येचाया येळ कुठं? पुरी सांगितली का बाया घरी जात्यात. अर्दी ठिवली का जळण घिऊन येत्यात."

दीपानं पिशवीतून तिसऱ्या भागाची छापलेली पानं काढली. आदिनाथनं नमुन्याला काढून दिली होती. "आये, हे बघ, कागदावर कसं दिसतंय."

भागिरथीबाईंनी हात पुसले. एकेक पान त्या चुलीच्या उजेडात धरून पाहू लागल्या, चित्रावरून बोट फिरवत, ओठ हलवत. अकराव्या पानाशी थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग बारावं पान उलटंपालटं करून पाहिलं आणि शांतपणे पिठाच्या टोपल्यावर झाकण म्हणून ठेवलं.

"आये! त्यात मजकूर आहे!"

"असंल. चित्तर न्हाई त्यात. गोष्ट तर इथंच सरली."

माझ्या हातातली पितळी कलली. चहा धोतरावर सांडला, चटका बसला, पण मी हललो नाही. थोड्या वेळानं, जमेल तितक्या साध्या आवाजात मी विचारलं, "तुम्हाला सुट्टी कधी असते, बाई?"

"सुट्टी कसली? शनवारी बाजाराचा खाडा असतो तेवढा. तवा पोरगी साळंतून येईस्तवर बसती तिची वाट बघत."

"कुठं बसता?"

"त्या गहिनीनाथाच्या दुकानात. गुणी पोर हाय."

मला उत्तर सापडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच सापडलं होतं, आणि ते कुणालाही सांगू नये असं वाटत होतं.

६

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी दहा वाजता गहिनीनाथच्या दुकानात गेलो. पडद्यामागं स्टुलावर भागिरथीबाई बसल्या होत्या, बाजाराची पिशवी मांडीवर. अकराला दीपा आली. मी खिशातून चिठ्ठी काढली. तोंडी बोलायला गेलो असतो तर गोंधळ झाला असता.

"दीपा," मी वाचायला लागलो, "पहिली गोष्ट. तू म्हणालीस, नवा पासवर्ड कुणाला सांगितला नाही. पण लाइन हळू चालते तेव्हा तू फ्लॉपी इथं ठेवून जातेस. मग गहिनीनाथ पानं कशी चढवतो?"

"चिठ्ठीवर पासवर्ड लिहून..." ती थांबली.

"तार करताना तारबाबूला मजकूर द्यावाच लागतो. त्याला गुपित सांगितलं असं आपण धरत नाही. तूही धरलं नाहीस."

दीपा वळली. गहिनीनाथ टेलिफोनच्या मीटरमागं लपायचा प्रयत्न करत होता.

"दुसरी गोष्ट. गहिनीनाथला वाचता येतं. त्याला शेवटचं पान काढायचं असतं तर तिसऱ्या भागातही त्यानं बारावं काढलं असतं, आकडा बघून. पण गेलं अकरावं. म्हणजे हात त्याचा होता, डोळे त्याचे नव्हते. ज्यानं पान निवडलं त्याला आकडा आणि अक्षर दिसत नव्हतं, चित्र दिसत होतं. त्याच्या लेखी चित्र संपलं की गोष्ट संपली. आणि तो माणूस फक्त बाजाराच्या दिवशी इथं येतो."

पुढचं मी वाचलं नाही. भागिरथीबाईंनी पदर डोक्यावर ओढला होता.

"म्या सांगितलं त्येला," त्या म्हणाल्या.

"मावशीनं आण घातली मला!" गहिनीनाथ एकदम बाहेर आला. "म्हणाली, दीपीला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. आता आईनंच सांगितल्यावर पासवर्ड काय कामाचा? मी म्हटलं मावशी, कुठलं काढू? तिनं काचंवर बोट ठेवलं. मी काढलं. देवाशपथ, मी ती गोष्ट वाचलेलीबी न्हाई."

दीपा आईपुढं येऊन उभी राहिली. बाहेर बाजाराचा कल्ला होता, पण आत तो पाण्याखालून यावा तसा येत होता.

"का, आये?"

"हितं बसून बगत हुते म्या. लोक येत्यात, बगत्यात, जात्यात. तुज्या चुलीला काडी कुनी आणीना. तू पोटाला चिमटा घिऊन चित्तरं काढती. तुला पुरी गोष्ट सांगायची खोड हाय, दीपे. मंग म्याच मडकं झाकलं."

"ती माझी गोष्ट आहे! शेवट कधी सांगायचा ते मी ठरवीन. माझ्या पाठीमागं माझ्या पानांना हात लावायचा तुला काय अधिकार?"

"न्हाई अधिकार," भागिरथीबाई म्हणाल्या. "पर सोनकी तुला कोपीत कुनी सांगितली हुती?"

दीपाचे डोळे भरले, पण तिनं हार मानली नाही. "आणि ज्याच्याकडं आणायला काडी नाही, त्यानं काय करायचं? त्याला शेवट नाही?"

भागिरथीबाईंना या प्रश्नाचं नवल वाटलं. "त्यानं शेजारी बसावं. लाकूड चौघी आणत्यात, शेक समद्यांनाच लागतो. मडकं बी दुसऱ्या दिशी समद्यांसाठीच उगडतं. म्या काय कडूबाईच्या कानात वायलं सांगती व्हय?"

यंत्र कुरकुरत होतं, लाइन शोधत होतं.

मग मी आदिनाथकडून मागून आणलेली पिशवी दीपाच्या पुढं ठेवली. ती खाली बसून एकेक पत्र उघडू लागली. भागिरथीबाईंनी एक परदेशी पाकीट हातात घेतलं, तिकिटावरचं जहाज पाहिलं. "हे बी लाकूडच का?" त्यांनी विचारलं.

"हो आये," दीपा म्हणाली. रडत होती, हसतही होती. "पण पुन्हा माझ्या पानाला हात लावशील तर बघ. मी झाकीन. मी उघडीन. महिनाभर झाकलेलं राहील, ज्यांनी पत्र लिहिलं त्यांना आदिनाथकाका छापून टपालानं आधी पाठवतील, आणि महिन्यानं सगळ्यांसाठी उघडं. कळलं?"

"कळलं की. म्हातारीला काय, काम झाल्याशी मतलब."

"पण..." दीपानं मनीऑर्डरींचे कागद हातात धरून माझ्याकडं पाहिलं. "हे दूध संघाच्या पगाराच्या निम्मंही नाही, सर. एका महिन्याचं हे असं. पुढच्या महिन्यात काय? पुढच्या वर्षी? नेटवर उद्या हजार चित्रकथा येतील. सत्तावीसला मी काय सांगू मॅनेजरना? तुम्ही सांगा."

सगळे माझ्याकडं पाहू लागले. चोर शोधून देणारा माणूस म्हणून पाहत होते. माझ्या चिठ्ठीवर पुढं काही लिहिलेलं नव्हतं. मी उठलो, घरी काम आहे म्हणालो आणि बाहेर पडलो.

७

दोन दिवस मी टेबलाशी बसून होतो. सोमवारी दुपारी शब्दकोश खाली काढला, निळं पत्र समोर ठेवलं आणि लिहिलं.

"चि. दीपास, साळवे सरांचे आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. कारण कामाचं नव्हतं, भीतीचं होतं.

तू विचारलंस, अशा चित्रकथेला पुढं काही आहे का. मला दिसत नाही. नेटवर उद्या काय येईल, कोण टिकेल, हे सांगणारे लोक पुण्यात असतील, मी नाही. पोट भरेल का? या महिन्यात भरणार नाही. उन्हाळ्यापर्यंतही बहुतेक नाही. हे मी लपवत नाही.

पण चौतीस वर्षं मी वाचनालयात बसलो. चांगल्या पुस्तकांवर धूळ बसलेली पाहिली. एका पानासाठी त्रेचाळीस माणसं कागद घेऊन, तिकीट लावून, नोट कार्बनमध्ये गुंडाळून लिहायला बसली, हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना फुकट मिळतं ते पुरे झालं नाही. ते दाराशी थांबले आहेत. दूध संघातल्या खुर्चीवर दुसरं कुणीही बसू शकेल. तुझ्या खुर्चीवर दुसरं कुणी बसणार नाही.

मॅनेजरना नाही म्हण. हे मी म्हणतो आहे, विचार करून म्हणतो आहे. चूक ठरलं तर दोष माझ्याकडं लाव.

आणखी एक. चौथ्या भागाच्या शेवटासाठी पहिलं पत्र माझं धर."

पुन्हा वाचलं. 'मी म्हणतो आहे' यावर काट मारावीशी वाटली. मारली नाही. पाकीट चिकटवलं आणि तडक पोस्टात गेलो, कारण वाटेत थांबलो असतो तर परत फिरलो असतो हे मला माहीत होतं.

पाकीट पेटीत टाकलं. चारची टपालाची थैली भरायला शिपाई यायचा होता. मी समोरच्या पायरीवर बसलो. तो आला, त्यानं पेटी उघडली, सगळा ढीग थैलीत ओतला. माझं पाकीट एकदा वर आलं आणि इतरांत मिसळून गेलं. "काय सर, काही राहिलं का?" त्यानं विचारलं.

मी नाही म्हणालो. त्यानं थैलीचं तोंड बांधलं आणि सायकलला लावली.